सरोगसी करायची तर आधी काय, नंतर काय : बेळगाव सीमाभागातल्या दांपत्यांसाठी

गर्भपिशवी काढावी लागली आहे, जन्मतःच नाही, आतून चिकटली आहे, किंवा हृदय-मूत्रपिंडाचा असा आजार आहे की दिवस राहिले तर जिवावर बेतेल. पण अंडाशय शाबूत आहेत, बीज तयार होतं. अशा बाईसाठी सरोगसी आहे. बीज तिचं, वीर्य नवऱ्याचं, गर्भ प्रयोगशाळेत तयार होतो आणि दुसरी बाई, म्हणजे सरोगेट, तो नऊ महिने पोटात वाढवते. गावाकडे याला ‘भाड्याची कूस’ म्हणतात. तो शब्द टाकून द्यावा. एक तर भाडं घेणं-देणं आता गुन्हा आहे, आणि जी बाई स्वतःचं शरीर धोक्यात घालून हे करते तिचा त्यात अपमान आहे.

दुसरा गैरसमज रक्ताचा. ‘नऊ महिने तिचं रक्त पिऊन वाढलेलं मूल आपलं कसं?’ असं सासूबाई विचारतात. वारेतून सरोगेटच्या रक्तातला प्राणवायू आणि अन्नरस बाळाकडे जातो, पण दोघांचे रक्तप्रवाह वेगळे असतात. बाळाचं जनुक आई-वडिलांचं, रक्तगटही त्यांच्याच वळणाचा. सरोगेटचं स्वतःचं बीज वापरायला कायद्याने सक्त मनाई आहे.

कायदा कोणाला परवानगी देतो

सरोगसी नियमन कायदा २०२१ हा २५ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. कायदेशीर लग्न झालेलं भारतीय दांपत्य, बाईचं वय २३ ते ५० आणि पुरुषाचं २६ ते ५५. जन्मलेलं, दत्तक घेतलेलं किंवा आधीच्या सरोगसीतलं एकही मूल हयात नसावं. मूल मानसिक वा शारीरिक अपंग असेल, किंवा त्याला कायमचा इलाज नसलेला जीवघेणा आजार असेल, तर जिल्हा वैद्यकीय मंडळाच्या दाखल्यावर सूट मिळते. विधवा किंवा घटस्फोटित बाईलाही ३५ ते ४५ या वयात हा मार्ग खुला आहे. तिला स्वतःचं बीज आणि दात्याचं वीर्य वापरावं लागतं.

वैद्यकीय कारणं २०२२ च्या नियमांत लिहिलेली आहेत: गर्भपिशवी नसणं, काढलेली असणं किंवा सदोष असणं (अस्तर पातळ राहणं आणि आतले चिकटे यातच येतात), आयव्हीएफचे (प्रयोगशाळेत गर्भ तयार करून पोटात सोडण्याचे) अनेक प्रयत्न फसणं, कारण न सापडता वारंवार गर्भपात होणं, आणि गर्भारपण पूर्ण होऊच शकणार नाही किंवा जिवाला धोका होईल असा आजार. ‘नोकरीमुळे वेळ नाही’ हे कारण चालत नाही.

दोघांपैकी एकाचं बीज किंवा वीर्य वापरण्यासारखं नसेल तर? २०२३ मध्ये दात्यावर पूर्ण बंदी आली होती. फेब्रुवारी २०२४ च्या दुरुस्तीनंतर जिल्हा वैद्यकीय मंडळाने तशी गरज प्रमाणित केल्यास एक बाजू दात्याची चालते, दुसरी मात्र दांपत्याचीच हवी. जुने लेख वाचून कोणी ‘डोनर चालतच नाही’ म्हणत असेल तर ही दुरुस्ती दाखवा.

सरोगेट कोण होऊ शकते

लग्न झालेली (विधवा किंवा घटस्फोटितही चालते), स्वतःचं मूल असलेली, २५ ते ३५ वयाची, स्वखुशीने तयार झालेली बाई. आयुष्यात एकदाच. तिच्यावर जास्तीत जास्त तीन प्रयत्न करता येतात. ती नात्यातलीच हवी असा समज घट्ट बसला आहे, कारण आधीच्या मसुद्यात ‘जवळची नातेवाईक’ असे शब्द होते. झालेल्या कायद्यात तशी अट नाही. पण पैसे देता येत नसल्याने व्यवहारात बहीण, जाऊ, वहिनी किंवा मावसबहीण हीच नावं पुढे येतात.

आणि इथे सगळ्यात जास्त जपायला हवं. एकत्र कुटुंबात धाकट्या जावेला ‘नाही’ म्हणता येत नाही. सासऱ्यांनी पंगतीला विषय काढला, सगळ्यांनी माना डोलावल्या, की तिची संमती गृहीत धरली जाते. तिला विचारायचं तर एकटीला विचारा, बैठकीत नको. तिच्या नवऱ्याशी वेगळं बोला. तिच्या माहेरच्यांना कल्पना द्या. मग दोन-तीन आठवडे विषय काढू नका. ती स्वतः प्रश्न घेऊन आली, उदाहरणार्थ ‘टाके परत पडतील का, माझ्या पोरांकडे कोण बघणार’, तर ती खरा विचार करते आहे. गप्प राहून मान हलवत असेल तर दुसरा मार्ग शोधा. गर्भ आत सोडण्याआधी कोणत्याही क्षणी माघार घ्यायचा हक्क कायद्याने तिला आहे, आणि तो तिला ठाऊक असायला हवा.

शरीराच्या दृष्टीने: आधीची बाळंतपणं सुखरूप झालेली, दोनपेक्षा जास्त सिझर नसलेली, रक्तदाब-साखर-थायरॉईड ताब्यात, हिमोग्लोबिन ११ च्या वर, तंबाखू-मिश्रीची सवय नसलेली बाई डॉक्टर पसंत करतात. मिश्रीबद्दल स्पष्ट विचारा. ती ‘व्यसन’ मानली जात नाही म्हणून सांगितली जात नाही, आणि तिच्यातल्या निकोटिनमुळे बाळाची वाढ खुंटते.

वयाचे महिने मोजा

दांपत्याचं वय दाखला देण्याच्या दिवशी धरलं जातं, सरोगेटचं वय गर्भ सोडण्याच्या दिवशी. हा फरक लक्षात न आल्याने घोडं अडतं. जाऊ आज ३४ वर्षं ७ महिन्यांची असेल, तर मंडळ, कोर्ट, विमा आणि प्राधिकरण (सरोगसीचे दाखले देणारं राज्याचं कार्यालय) या सगळ्यातून पार होईपर्यंत तिचं वय उलटून जाऊ शकतं. बायको ४९ ची असेल तरी तेच. दुसरी अडचण जन्मतारखेची. शाळेत गुरुजींनी १ जून घातलेली, आधारवर १ जानेवारी, एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क कार्डवर तिसरीच. अर्जाला एकच तारीख हवी. जन्मदाखला किंवा एसएसएलसीचं कार्ड आधार मानून बाकीचे कागद आधी दुरुस्त करून घ्या.

जी गोष्ट तारखांची तीच नावांची. कन्नडमधून इंग्रजीत आणि तिथून मराठीत येताना मंगल, मंगला, मंगळा अशी एकाच बाईची तीन नावं होतात. लग्नानंतरचं नाव रेशन कार्डावर एक आणि बँकेत माहेरचं. ‘ही सगळी नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र चालतं, पण आधार दुरुस्त करून घेणं जास्त पक्कं. निपाणीतल्या कामासाठी महाराष्ट्रातल्या कागलहून स्टँप पेपर आणू नका. कर्नाटकातल्या कागदाला कर्नाटकाचा ई-स्टँप लागतो. लग्नाची नोंद झाली नसेल तर उपनिबंधक कार्यालयात आधी ती करून घ्या. पत्रिका, फोटो आणि साक्षीदार तयार ठेवा.

क्लिनिक आधी, अर्ज नंतर

निपाणीची माणसं उपचाराला महाराष्ट्रात कोल्हापूरला जातात, चंदगडची कर्नाटकात बेळगावला. साध्या आजाराला याने काही बिघडत नाही, सरोगसीत बिघडतं. प्राधिकरणं राज्यागणिक वेगळी आहेत. म्हणून क्लिनिक आधी ठरवा, आणि शक्य असेल तर दांपत्य, क्लिनिक, मंडळ, कोर्ट हे सगळं एकाच राज्यात ठेवा. सरोगेट वहिनी महाराष्ट्रातल्या गडहिंग्लजची असेल, तर तिचे कुठले कागद कुठल्या कार्यालयातून लागतील हे क्लिनिककडून लेखी यादीत घ्या. तोंडी ‘होऊन जाईल’ यावर पहिलं इंजेक्शनही घेऊ नका.

क्लिनिकला दोन नोंदण्या वेगळ्या असतात: आयव्हीएफची आणि सरोगसीची. दर्शनी भागात लावलेलं प्रमाणपत्र वाचा. त्यावर सरोगसी असा स्पष्ट शब्द हवा. अशा क्लिनिकांच्या राष्ट्रीय नोंदवहीच्या संकेतस्थळावर नाव ताडून पाहा. ‘सरोगेट आम्ही आणतो, पॅकेज इतकं’ असं सांगणाऱ्या दलालापासून दूर राहा. पैसे देऊन सरोगसी केली तर दलालाला आणि क्लिनिकला १० वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड आहे. तशी मागणी करणाऱ्या दांपत्यालाही पहिल्या गुन्ह्याला ५ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड.

कागदांचा क्रम

पहिला कागद जिल्हा वैद्यकीय मंडळाचा. जिल्ह्याचे मुख्य वैद्यकीय अधिकारी किंवा त्या दर्जाचे अधिकारी अध्यक्ष, सोबत स्त्रीरोग आणि बालरोगतज्ज्ञ. बेळगावात जिल्हा आरोग्य अधिकारी कार्यालयात आणि जिल्हा रुग्णालयात मंडळ कधी बसतं ते विचारा. एका पानाची चिठ्ठी घेऊन जाऊ नका. गर्भपिशवी काढली असेल तर शस्त्रक्रियेची नोंद, डिस्चार्ज कार्ड आणि बायोप्सीचा रिपोर्ट. आयव्हीएफ फसलं असेल तर प्रत्येक वेळी किती गर्भ, कुठल्या दिवसाचे सोडले आणि बीटा एचसीजी (दिवस राहिल्याची रक्तचाचणी) किती आला याचा तक्ता. अस्तराचा दोष असेल तर सोनोग्राफी आणि दुर्बिणीचे फोटो. जुन्या दवाखान्यातून हे कागद काढायलाच दीड-दोन महिने जातात, म्हणून सुरुवात इथून करा.

दुसरा कागद प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश. दांपत्य आणि सरोगेट मिळून अर्ज करतात, आणि जन्मणाऱ्या मुलाचं पालकत्व व ताबा दांपत्याकडे राहील असा आदेश होतो. हाच आदेश पुढे जन्माचं प्रतिज्ञापत्र म्हणून धरला जातो, त्यामुळे त्यातलं प्रत्येक अक्षर आधारशी जुळवा आणि पाच-सहा प्रमाणित प्रती काढून ठेवा. वकिलांकडचा अर्ज कन्नड किंवा इंग्रजीत असतो. सरोगेटला तो मराठीत वाचून दाखवायला लावा. संमती तिला समजणाऱ्या भाषेत लेखी घ्यावी असं कायदाच सांगतो, तेव्हा क्लिनिकचं संमतीपत्र मराठीत मागणं हा उपकार नव्हे, तिचा हक्क आहे.

तिसरा, सरोगेटच्या नावे ३६ महिन्यांचा आरोग्य विमा. गर्भारपणातल्या आणि बाळंतपणानंतरच्या गुंतागुंती त्यात हव्यात. साध्या मेडिक्लेममध्ये बाळंतपणाला प्रतीक्षाकाळ असतो आणि सरोगसीचं नाव नसतं. एजंटाकडून ‘सरोगेट मातेसाठी’ असे शब्द पॉलिसीवरच घ्या.

या तिन्हींवर दांपत्याला आवश्यकतेचा दाखला मिळतो. त्याशिवाय दांपत्याचा पात्रता दाखला वेगळा आणि सरोगेटचा पात्रता दाखला वेगळा. तिच्यासाठी शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र लागतं. अर्ज फेटाळला तर कारण लेखी घ्या. ३० दिवसांत राज्य सरकारकडे अपील करता येतं. त्यापुढचा दरवाजा उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठाचा. वयाच्या अटीबद्दल ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की कायदा येण्याआधीच ज्यांनी गर्भ गोठवून ठेवले होते त्यांना वयोमर्यादा लावता येणार नाही. ज्यांचे गर्भ २०२२ च्या आधीचे आहेत त्यांनी हे वकिलांना आवर्जून सांगावं.

बीज काढणं

पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी करून बीज वाढवणारी इंजेक्शनं सुरू होतात, साधारण १५० ते ३०० युनिट रोज, ९ ते १२ दिवस. पाचव्या-सहाव्या दिवसापासून बीज आधीच फुटू नये म्हणून दुसरं इंजेक्शन जोडतात. गर्भपिशवी नसलेल्या बाईला पाळी येत नाही. तिचा चक्राचा दिवस रक्तातल्या हार्मोनवरून आणि सोनोग्राफीवरून ठरवतात. तिचे अंडाशय कधी कधी वर सरकलेले असतात आणि बीज पोटावरून काढावं लागतं. हे डॉक्टरांना आधी विचारा.

अथणीहून बेळगाव शंभर किलोमीटरच्या पलीकडे आहे. रोज येणं जमत नाही, म्हणून इंजेक्शनं घरी नेली जातात, आणि तिथेच ती खराब होतात. बहुतेकांना २ ते ८ अंश तापमान लागतं. थर्मासमध्ये बर्फाचा पॅक, त्यावर दुमडलेला टॉवेल, मग डबा. बर्फाला थेट चिकटलेलं औषध गोठतं, आणि गोठलेलं औषध दिसायला चांगलं असलं तरी काम करत नाही. घरी फ्रिजच्या दारात किंवा बर्फाच्या कप्प्याखाली न ठेवता मधल्या फळीवर ठेवा. उन्हाळ्यात वीज गेली तर दार उघडू नका.

अंडाशयातल्या बीजाच्या पिशव्या १७-१८ मिलिमीटरच्या झाल्या की बीज पिकवणारं शेवटचं ‘ट्रिगर’ इंजेक्शन. त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी बीज काढतात. सकाळी नऊला बीज काढायचं असेल तर इंजेक्शन आदल्या दिवशी नव्हे, त्याच्या आदल्या रात्री नऊ-दहाच्या सुमारास. तास चुकला तर बीज एक तर पिकलेलं नसतं किंवा फुटून गेलेलं असतं, आणि महिन्याची मेहनत अन् हजारो रुपये पाण्यात. रात्री साडेनऊला गावात इंजेक्शन कोण देणार हे आठवडाभर आधी ठरवा. त्या रात्री दिलेल्या वेळेचा फोटो काढून क्लिनिकला पाठवा.

सरोगसीत एक फायदा आहे. गर्भ या बाईच्या पोटात सोडायचे नसल्याने अंडाशय फुगण्याचा धोका कमी करणारं ट्रिगर वापरता येतं आणि सगळे गर्भ गोठवता येतात. तरीही पोट टम्म फुगणं, दिवसात किलोभर वजन वाढणं, लघवी कमी होणं, धाप लागणं यातलं काही झालं तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

बीजाशी शुक्राणूचा संयोग करून गर्भ पाच दिवस वाढवतात. १२ बिजं निघाली म्हणजे १२ गर्भ होत नाहीत. काही कच्ची, काहींत संयोग होत नाही, काही तिसऱ्या दिवशी थांबतात. दोन-चार पाचव्या दिवसापर्यंत पोचले तर ते चांगलं. मुलगा की मुलगी हे विचारू नका. विचारणं आणि सांगणं दोन्ही गुन्हा आहे.

गर्भ सोडणं आणि पहिले तीन महिने

सरोगेटला पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून इस्ट्रोजेनच्या गोळ्या देतात, बहुधा २ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा. दहा-बारा दिवसांनी गर्भपिशवीचं अस्तर ७-८ मिलिमीटर झालं की प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकवणारं हार्मोन) सुरू. त्याचे पाच दिवस पूर्ण झाल्यावर पाच दिवसांचा गर्भ सोडतात. हा हिशेब दिवसाचा नाही, तासाचा आहे. या सबंध काळात तिने आणि नवऱ्याने संबंध टाळावेत; तिचं स्वतःचं बीज फळलं तर अनर्थ होईल. ही गोष्ट लाजेपोटी कोणी बोलत नाही, डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगायला हवी.

नियमाने एकच गर्भ सोडायचा. विशेष परिस्थितीतच तीनपर्यंत. ‘दोन टाका, जुळं झालं तर बरंच’ असा हट्ट धरू नका. जुळ्यात रक्तदाब, अकाली प्रसूती आणि रक्तस्राव हे सगळं सरोगेटच्या वाट्याला येतं.

दहा ते चौदा दिवसांनी बीटा एचसीजी, दोन दिवसांनी पुन्हा, सहा-सात आठवड्यांना ठोके. आता सर्वात महत्त्वाचं: या पद्धतीत सरोगेटच्या अंडाशयात प्रोजेस्टेरॉन तयारच होत नाही, ते बाहेरूनच द्यावं लागतं. वार ते काम हाती घेईपर्यंत, म्हणजे १० ते १२ आठवड्यांपर्यंत, एकही डोस चुकता कामा नये. ‘एवढ्या गोळ्या कशाला’ म्हणून गावातल्या कोणी बंद करायला सांगितलं, किंवा मळमळतं म्हणून तिने दोन दिवस सोडलं, तर चांगला गर्भही पडू शकतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवताना क्लिनिकची चिठ्ठी तायी कार्डाला (कर्नाटकातल्या गरोदर बाईच्या नोंदीच्या कार्डाला) जोडून ठेवा, म्हणजे आशाताईंनाही हिशेब कळेल. थोडा रक्तस्राव दिसला तरी आधी क्लिनिकला फोन, गोळ्या चालूच.

सरोगेटचं अंडाशय स्वतः काम करत नसल्याने अशा गर्भारपणात रक्तदाब वाढण्याचा धोका जरा जास्त असतो. विसाव्या आठवड्यानंतर दर पंधरवड्याला रक्तदाब मोजा. डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज म्हणजे त्याच दिवशी दवाखाना. ११ ते १३ आठवड्यांची सोनोग्राफी, १८ ते २० ची, आणि २४ ते २८ मध्ये साखरेची चाचणी चुकवू नका. सरोगेट आरएच निगेटिव्ह असेल तर बाळाचा गट तिच्या नवऱ्यावरून नाही, तुमच्या दोघांवरून ठरतो; तपासणाऱ्या नव्या डॉक्टरला हे सांगितलं नाही तर अँटी-डी इंजेक्शन राहून जातं. गर्भपाताची वेळ आलीच, तर तिची लेखी संमती आणि प्राधिकरणाची परवानगी लागते. दांपत्य तिला भाग पाडू शकत नाही.

बाळंतपण आणि नोंद

नवजात अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय निवडा. सातव्या महिन्यातच कोर्टाच्या आदेशाची प्रमाणित प्रत रुग्णालयाच्या नोंद विभागात देऊन पोच घ्या. तिथला कारकून सवयीने, जी बाळंत झाली तिचं नाव आई म्हणून लिहितो. मध्यरात्रीच्या पाळीला कोणालाच काही माहीत नसतं. एकदा चुकीचं नाव नोंदलं गेलं की दुरुस्तीला महिनोन्‌महिने चकरा. जन्माची नोंद २१ दिवसांत व्हायला हवी. दाखल्यावर आई-वडील म्हणून दांपत्याचंच नाव. कायद्याच्या नजरेत ते त्यांचंच पोटचं मूल, वारसाहक्कासकट. मूल अपंग निघालं, मुलगी झाली, नवरा-बायको वेगळे झाले, कुठल्याही कारणाने ते टाकता येत नाही.

खाजगी नोकरीत असलेल्या, स्वतःचं बीज दिलेल्या आईला बाळ हातात आल्यापासून १२ आठवड्यांची पगारी रजा आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी जून २०२४ पासून आईला आणि सरोगेटलाही १८० दिवसांपर्यंत रजा, वडिलांना १५ दिवस.

बाळ घरी आलं की सगळे तिकडेच धावतात आणि सरोगेट माडीवरच्या खोलीत एकटी पडते. तिला दूध येणार आहे. ते थांबवायचं की काढून बाळाला द्यायचं, हे तिच्याशी आणि डॉक्टरांशी आधी ठरवा. तिलाही बाळंतिणीचा आहार, शेक आणि विश्रांती हवी, बाळ तिच्या कुशीत नाही म्हणून ते टळत नाही. सहाव्या आठवड्याला टाके, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासा. झोप न लागणं, सारखं रडू येणं दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलं तर मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. आणि विम्याचं कार्ड कपाटात दांपत्याकडे नको, तिच्या हातात द्या. ३६ महिन्यांचा तो विमा तिचा आहे.